बिशप हाऊसमध्ये दिलेली तक्रार पोलीस ठाण्यापर्यंत पोचते का?

जून २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी पंजाबातल्या जालंधर धर्मप्रांतासाठी नवे बिशप नेमले. आपल्या भागात ही बातमी फारशी कुणी वाचली नसेल. पण ती नेमणूक व्हायला पावणेसात वर्षं लागली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथल्या बिशपना कारभारातून बाजूला करण्यात आलं आणि मुंबईचे निवृत्त साहाय्यक बिशप आग्नेलो ग्रेशियस यांना प्रशासक म्हणून पाठवण्यात आलं. तेव्हापासून गादीचा प्रश्न लोंबकळत होता.

कारण सगळ्यांना आठवत असेल. बिशप फ्रँको मुलक्कल यांच्यावर एका ननने बलात्काराची फिर्याद दिली होती. खटला उभा राहिला आणि १४ जानेवारी २०२२ रोजी कोट्टायमच्या सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्या निकालाविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात अपील दाखल झालं. १ जून २०२३ रोजी मुलक्कल यांनी राजीनामा दिला. हा राजीनामा शिस्तभंगाची कारवाई म्हणून मागितलेला नाही, धर्मप्रांताच्या हितासाठी मागितला आहे, असं चर्चतर्फे त्या वेळी स्पष्ट करण्यात आलं.

खटल्याची फेरसुनावणी या लेखात करायची नाही. तो न्यायालयाचा विषय आहे, आणि सुटलेल्या माणसाला गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपला प्रश्न साधा आहे. धर्मगुरूविरुद्धची तक्रार पहिल्यांदा चर्चमधल्या कुणाच्या तरी कानावर जाते, त्या दिवसापासून ती पोलिसांकडे जाईपर्यंत मधल्या काळात नेमकं काय होतं?

हा प्रश्न फक्त ख्रिस्ती घरांचा आहे, असं समजू नका. बेळगावचं सेंट पॉल्स १८५६ सालचं. त्या शाळेत शिकलेल्या मराठी घरांची गणतीच करता येणार नाही. गोव्यात, इंदूरला, वडोदऱ्याला, हैदराबादला आपल्यापैकी किती जणांनी पोरांना कॉन्व्हेंटमध्ये घालण्यासाठी फादरांच्या ऑफिसबाहेर चकरा मारल्यात, ते ज्याचं त्याला ठाऊक. शाळा, हॉस्पिटल, वसतिगृह, अनाथालय ही सगळी कामं या संस्थांनी पिढ्यान् पिढ्या केली आणि बहुतेक ठिकाणी चोख केली. म्हणूनच त्यांच्यावर आपला विश्वास आहे आणि म्हणूनच हा प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे.

पत्रं गेली, उत्तर आलं नाही

जालंधर प्रकरणातल्या तारखा एकापुढे एक ठेवून बघा.

संबंधित नन 'मिशनरीज ऑफ जीझस' या संघातली. हा संघ जालंधरच्या बिशपच्याच अखत्यारीतला. आरोप असा की २०१४ ते २०१६ या काळात केरळमधल्या कुरविलंगाडच्या मठात बिशपनी तिच्यावर तेरा वेळा अत्याचार केला. बिशपनी पहिल्यापासून हे नाकारलं; ही नन सूड उगवते आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ननच्या सांगण्यानुसार तिने २०१७ मध्ये केरळमधल्या सिरो-मलबार चर्चचे प्रमुख कार्डिनल जॉर्ज आलंचेरी यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं. जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीतल्या पोपच्या राजदूतांना पत्र लिहिलं. कार्डिनल आलंचेरींनी ननशी भेट झाल्याचं मान्य केलं, मात्र लैंगिक अत्याचाराची तक्रार तिने आपल्याकडे केली नव्हती, असं सांगितलं. शिवाय जालंधर हा आपल्या अधिकारातला धर्मप्रांतच नव्हे, हेही त्यांचं उत्तर होतं.

जून २०१८ च्या अखेरीस ती पोलिसांकडे गेली. तिथेही लगेच काही घडलं नाही. ८ सप्टेंबरला तिच्या मठातल्या पाच नन कोचीत, उच्च न्यायालयाजवळच्या वंची चौकात जाऊन बसल्या. भारतातल्या कॅथलिक नननी आपल्याच बिशपविरुद्ध रस्त्यावर बसावं, असं दृश्य देशाने पाहिलं नव्हतं. दोन आठवडे त्या बसून होत्या. २० सप्टेंबरला रोमने बिशपना कारभारातून मोकळं केलं आणि २१ ला पोलिसांनी अटक केली.

या दोन आठवड्यांत संस्थेची बाजू कशी मांडली गेली, हे बघण्यासारखं आहे. ननांच्या स्वतःच्याच संघाने अंतर्गत चौकशी केल्याचं जाहीर केलं आणि पत्रकारांना दिलेल्या निवेदनाबरोबर तक्रारदार ननचा फोटो पाठवला. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे; त्याबद्दल पोलिसांनी संघावर गुन्हा दाखल केला. म्हणजे चौकशीसाठी जो संघ बसला, त्याला कायद्याची ही साधी गोष्टही माहीत नव्हती, किंवा माहीत असून त्याची फिकीर नव्हती. दुसरी शक्यता जास्त वाईट.

२०१९ च्या सुरुवातीला आंदोलनातल्या ननांना केरळबाहेर बदलीचे आदेश निघाले. त्या सरकारी वकिलांच्या साक्षीदार होत्या. ओरड झाली, मग प्रशासक बिशपनी ते आदेश थांबवले. वंची चौकात पाठिंब्याला आलेल्या दुसऱ्या संघातल्या सिस्टर लुसी कलपुरा यांना ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांच्या संघाने काढून टाकलं. संघाच्या म्हणण्यानुसार कारणं वेगळी होती: आज्ञाभंग, परवानगी न घेता गाडी घेणं, पुस्तक छापणं. असेलही. पण मठात बसून हा सगळा प्रकार बघणाऱ्या एखाद्या तरुण ननने त्यातून काय अर्थ काढला असेल?

उतरंड आहे, पण आपल्याला वाटते तशी नाही

इथे चर्चची रचना थोडी समजून घ्यावी लागते, नाहीतर सगळा दोष एकेका माणसाच्या स्वभावावर टाकून आपण मोकळे होतो.

आपल्याला वाटतं, तलाठ्याच्या वर तहसीलदार, त्याच्या वर प्रांत, मग कलेक्टर, तसं फादरच्या वर बिशप, बिशपच्या वर आर्चबिशप, त्याच्या वर कार्डिनल असणार. कॅथलिक चर्चमध्ये तसं नसतं. बिशप हा आपल्या धर्मप्रांतात थेट रोमला जबाबदार असतो. शेजारचा आर्चबिशप त्याचा साहेब नव्हे. देशातल्या सगळ्या बिशपांची परिषद आहे, ती निवेदनं काढते, मार्गदर्शक सूचना तयार करते, पण एखाद्या बिशपला पदावरून हलवायचा अधिकार तिला नाही. तो एकट्या पोपला. धर्मप्रांताच्या आत मात्र नियम करणं, अंमल करणं आणि न्याय देणं हे तिन्ही अधिकार बिशपकडेच असतात. आमदार, कलेक्टर आणि जज्ज एकच माणूस.

साध्या फादरबद्दल तक्रार आली, तर ती ज्याच्याकडे जाते तो बिशप त्या फादरचा वरिष्ठ असतो, पालकही असतो. त्याला दीक्षा देणारा बहुधा तोच किंवा त्याच्या आधीचा. राहायचं घर, मानधन, बदली, म्हातारपणाची सोय हे सगळं बिशपच्या हातात. चर्चचा कायदाही सांगतो की बिशपने धर्मगुरूंची विशेष काळजी घ्यावी. घरातल्या मुलाविरुद्ध शेजारी तक्रार घेऊन आले तर बाप आधी काय करतो? दार लावून घेतो. मुलाला झापतो, मामाच्या गावी पाठवून देतो, शेजाऱ्यांना सांगतो, मी बघतो. जगभर चर्चने दशकानुदशकं हेच केलं. बदली हा त्यांचा 'मामाचा गाव' होता. नव्या गावात लोकांना काही ठाऊक नसे.

आणि तक्रार बिशपविरुद्धच असेल तर? मग देशात जायला जागाच नव्हती. उरतं रोम. कुरविलंगाडची नन मल्याळम बोलणारी, पंजाबातल्या धर्मप्रांताच्या संघातली. आपलं गाऱ्हाणं तिला इटलीपर्यंत न्यायचं होतं.

आपल्याच कर्नाटकातलं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये मैसूर धर्मप्रांतातल्या ३७ फादरांनी आपल्या बिशपविरुद्ध रोमला लेखी तक्रार केली. आरोप गंभीर होते. बिशपनी ते सगळे फेटाळले. खरं-खोटं काहीही असो, दोन्ही बाजूंना लवकर निकाल हवा होता. जानेवारी २०२३ मध्ये रोमने बिशपना रजेवर जायला सांगून बंगळूरचे निवृत्त आर्चबिशप बर्नार्ड मोरास यांना प्रशासक नेमलं. तोवर तीन वर्षांहून जास्त काळ गेला होता. तक्रार करणारे सदतीस जण या काळात त्याच बिशपच्या हाताखाली काम करत होते. कोणत्याही ऑफिसात अशी परिस्थिती आली, तर काय वातावरण असेल याची कल्पना करा. आणि बिशप निर्दोष असतील, तर त्यांच्याही कपाळावर तीन वर्षं तो शिक्का राहिला.

मुंबईतलं प्रकरण

पण प्रत्येक वेळी रोमवर ढकलून चालत नाही, हे मुंबईच्या प्रकरणावरून दिसतं.

२०१५ मध्ये गोवंडी भागातल्या एका चर्चमध्ये तेरा वर्षांच्या मुलावर धर्मगुरूने अत्याचार केला. मुलाने घरी येऊन आईला सांगितलं. आई-वडील पोलिसांकडे न जाता आधी गेले मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांच्याकडे. (जालंधरला पाठवलेले ग्रेशियस वेगळे, आडनावावरून गल्लत नको.) कुणीही श्रद्धाळू कुटुंब तेच करेल. आपल्याकडे मठात, देवस्थानात काही झालं तर आधी स्वामींच्या कानावर घालावं असंच घरातली वडीलधारी माणसं सांगतात. कार्डिनल त्यांच्याशी बोलले, त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि त्याच रात्री रोमला निघून गेले. प्रकरण त्यांनी साहाय्यक बिशपांकडे सोपवलं. पोलिसांना कळवलं नाही. शेवटी कुटुंब स्वतःच पोलिसांकडे गेलं.

२०१९ च्या फेब्रुवारीत बीबीसीने हे उजेडात आणलं, तेव्हा कार्डिनलांनी मान्य केलं की हे आपण अधिक चांगल्या रीतीने हाताळायला हवं होतं, आणि पोलिसांना कळवण्याच्या कायदेशीर बंधनाची त्या वेळी कल्पना नव्हती. त्याच महिन्यात बालकांच्या संरक्षणावर रोममध्ये जगभरच्या बिशपांची जी बैठक भरली, तिच्या आयोजकांपैकी ते एक होते. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली.

कार्डिनलांनी चूक कबूल केली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. मोठ्या पदावरची माणसं आपल्या देशात तेवढंही करत नाहीत. पण पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ सांगतं की मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं. कलम २१ तर जणू बिशप, मठाधिपती आणि हेडमास्तर यांच्यासाठीच लिहिलंय: हाताखालच्या माणसाने केलेला असा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. देशातल्या सर्वात मोठ्या धर्मप्रांतांपैकी एकाच्या प्रमुखाला, ज्याच्या छत्राखाली कितीतरी शाळा चालतात, हे तीन वर्षांनीही माहीत नसावं, यात त्या संस्थेच्या वकिलांचं, सल्लागारांचं आणि सगळ्या यंत्रणेचं अपयश आहे.

त्या कुटुंबाचं पुढे काय झालं? पोलिसांकडे गेल्यानंतर आपण समाजात एकटे पडलो, असं त्यांनी बीबीसीला सांगितलं. ज्या चर्चमध्ये मुलगा दर रविवारी जायचा, तिथली माणसं तुटली.

केरळमध्ये कोट्टियूरच्या प्रकरणात हे याहून पुढे गेलं. तिथे अल्पवयीन मुलीला गर्भ राहिला, तेव्हा सुरुवातीला तिच्या स्वतःच्या वडिलांनी तो गुन्हा आपला असल्याचं सांगितलं. बापाने मुलीवरच्या बलात्काराचा डाग आपल्या अंगावर घ्यायचा, पण फादरचं नाव येऊ द्यायचं नाही! तपासात सत्य बाहेर आलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये तलश्शेरीच्या न्यायालयाने त्या धर्मगुरूला शिक्षा दिली आणि नंतर पोपनी त्याला धर्मगुरुपदावरून काढून टाकलं. म्हणजे व्यवस्थेने काम केलं. पण त्या बापावर कसलं दडपण असेल, ते कोणत्याही कायद्याच्या कलमात सापडणार नाही.

रोमने काय बदललं

बदल झाले नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नवे नियम काढले. आता धर्मगुरू आणि नन यांना अशा गुन्ह्याची माहिती मिळाली तर ती वर कळवणं बंधनकारक आहे. बिशपविरुद्धची तक्रार कुणी तपासायची याची रीत ठरली. त्या विभागाच्या आर्चबिशपला प्राथमिक चौकशीचं काम देता येतं. प्रकरण दडपणं हाही चौकशीचा विषय झाला. तक्रारदाराला गप्प राहण्याची सक्ती करता येत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांवरचा 'पोपचा गुप्तता नियम' काढून टाकला गेला. डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित दंडनियमांत, अधिकाराचा गैरवापर करून प्रौढ व्यक्तीवर केलेला अत्याचारही गुन्हा ठरला. ननांच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. बिशपपुढे नन प्रौढ असली तरी मोकळी नसते. तिने आज्ञापालनाची शपथ घेतलेली असते, तिचं घर, जेवण, पुढचं शिक्षण सगळं संघाच्या मर्जीवर असतं.

पण या नियमांत एक भोक आहे. ते वर कळवायला सांगतात, पोलिसांकडे जायचं की नाही हे त्या-त्या देशाच्या कायद्यावर सोडतात. भारतात मुलांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. प्रौढ ननच्या बाबतीत पोलिसांना कळवण्याची तशी सक्ती नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि बिशपांच्या परिषदेनेही २०१७ मध्ये त्या धर्तीवर सूचना काढल्या. पण मठ हे कामाचं ठिकाण की घर? नन ही कर्मचारी की कुटुंबातली? जी संस्था एरवी तिला 'आमच्या कुटुंबातली' म्हणते, तीच तक्रारीच्या दिवशी कुटुंबासारखी वागते: बाहेर बोलू नकोस.

कोट्टायमच्या निकालात न्यायालयाने ननच्या जबाबांतल्या विसंगतींवर बोट ठेवलं. घटनेनंतरही ती बिशपबरोबर कार्यक्रमांना गेली, दोघांत साधा पत्रव्यवहार राहिला, हेही नोंदवलं. धान्य आणि भूस वेगळं करता येत नाही, अशा अर्थाचं निरीक्षण त्या निकालात आहे. फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि तो मिळायलाच हवा. पण लक्षात घ्या, घटना सांगितल्या त्या २०१४ ते १६ मधल्या आणि पोलिसांत फिर्याद झाली २०१८ मध्ये. मधली बराच काळ ही बाई आत न्याय शोधत फिरत होती, असं तिचं म्हणणं. हा जो उशीर आतल्या वाटा तुडवण्यात जातो, तोच पुढे कोर्टात तक्रारदाराच्या विरुद्ध मोजला जातो. वैद्यकीय पुरावा गेलेला असतो. आरोपी निर्दोष असेल तर त्याच्या बाजूचा पुरावाही तेवढाच विरून जातो, हे आपण विसरतो. खोटा आरोप झालेल्या फादरलाही पहिल्याच आठवड्यात झालेला पोलीस तपास वाचवू शकतो. बंद खोलीतली चौकशी त्याचं निरपराधित्व कधीच सिद्ध करत नाही, कारण बाहेर कुणी तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

'बाहेरच्यांच्या हातात कोलीत'

चर्चमधल्या माणसांशी बोललं की एक मुद्दा हमखास येतो. तो खोटा नाही. ते म्हणतात, आम्ही आधीच मूठभर. आमच्यावर धर्मांतराचे आरोप होतात, प्रार्थनासभांवर लोक चालून येतात, आणि अशा वेळी आम्हीच आमचं उणं चव्हाट्यावर मांडायचं?

बेळगावकरांना हे दूरचं वाटू नये. कर्नाटकचं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते २३ डिसेंबर २०२१ रोजी, आपल्याच सुवर्ण विधानसौधमध्ये. नाताळला दोन दिवस होते. त्या आठवड्यात कॅम्पातल्या किंवा खानापूर तालुक्यातल्या ख्रिस्ती घरांत काय वाटत असेल, हे सांगायला नको. २०१८ मध्ये केरळच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या काही फादरांवर कबुलीजबाबाचा वापर करून एका महिलेला ब्लॅकमेल केल्याचा आरोप झाला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी कबुलीजबाबाची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. काही माणसांवरच्या आरोपाचं उत्तर सगळ्या धर्माच्या संस्कारावर बंदी? अशाने पीडितेचा प्रश्न बाजूला पडतो आणि सगळा समाज आपल्या फादरच्या मागे उभा राहतो. तसंच झालं.

भीती खरी आहे. पण तिची किंमत कोण देतं ते बघा. सगळ्या समाजाच्या अब्रूचं ओझं तेरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर जातं. सीमाभागातल्या आपल्याला हे मानसशास्त्र नवं नाही. आपल्यातल्याच कुणा पुढाऱ्याने पैसे खाल्ले तरी 'आत्ता बोलू नका, चळवळीचं नुकसान होईल' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय आणि मानलंही आहे.

हा रोग एका धर्माचा नाहीच. आसाराम बापूंना २०१३ मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतलं ते इंदूरच्या आश्रमातून; बाहेर भक्तांची गर्दी होती. २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने त्यांना अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराबद्दल जन्मठेप दिली. त्या गर्दीत आपली मराठी माणसंही असतील.

प्रोटेस्टंट बाजूला पैशाचं प्रकरण जास्त गाजतं, कारण तिथे जमिनी आणि शाळांचे ट्रस्ट मोठे. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रमुख आणि जबलपूरचे बिशप पी. सी. सिंग यांना सप्टेंबर २०२२ मध्ये नागपूर विमानतळावरच अटक झाली. त्याआधी मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने घातलेल्या छाप्यात सुमारे १ कोटी ६५ लाखांची रोकड आणि १८ हजार डॉलर मिळाले होते. शाळेच्या फीचा पैसा वळवल्याचा आरोप होता. चर्चने त्यांना प्रमुखपदावरून दूर केलं, पण ते सरकारी यंत्रणेने दार ठोठावल्यानंतर.

बाहेरच्या माणसाने तपासलं तर

फ्रान्समध्ये बिशपांनीच पैसे देऊन स्वतंत्र आयोग नेमला. त्याचा अहवाल ऑक्टोबर २०२१ मध्ये आला आणि १९५० पासून धर्मगुरूंच्या अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांचा अंदाज त्याने दिला २ लाख १६ हजार. चर्चने तो आकडा स्वतःच्या खर्चाने स्वतःबद्दल छापला. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या, चर्चशी संबंधित वकिलाने केलेल्या अत्याचारांवरचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाला. कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना २०१३ मध्ये याची माहिती मिळूनही पाठपुरावा पुरेसा झाला नाही, असं त्यात होतं. पाच दिवसांत वेल्बींनी राजीनामा जाहीर केला. त्यांनी स्वतः कुणावर अत्याचार केला नव्हता. 'मी पुढे कळवलंय, आता त्यांचं ते बघतील' असं मानून ते थांबले, एवढंच. मुंबईतही गोष्ट तिथेच थांबली होती.

भारतात असा राष्ट्रीय पातळीवरचा स्वतंत्र अहवाल कुठल्याच चर्चने करून घेतलेला नाही. इथे किती तक्रारी आल्या, किती पोलिसांकडे गेल्या, किती खोट्या निघाल्या, किती फादरांची बदली झाली, याचा आकडाच लोकांपुढे नाही. आकडा नसल्यामुळे चर्चवर राग असणारे वाट्टेल ते बोलतात आणि चर्चमधली माणसं 'एखाद-दुसरं प्रकरण' म्हणून हात झटकतात.

कोचीच्या वंची चौकात त्या पाच ननांबरोबर काही फादर बसले होते, सामान्य ख्रिस्ती बायका-पुरुष बसले होते. 'सेव्ह अवर सिस्टर्स' हा मंच त्यांनीच काढला. बाहेरचे विरोधक म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवता येत नव्हतं. रविवारी त्याच देवळात जाणारी ती माणसं होती.

आपल्यापुरतं करण्यासारखं एक काम आहे. पुढच्या महिन्यात पालकसभा असेल तेव्हा शाळेत विचारा: बाल संरक्षण समितीत कोण कोण आहे? त्यात संस्थेबाहेरची बाई आहे का? तक्रार आली तर किती तासांत पोलिसांना कळवता? चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मुलांना दिसेल अशा ठिकाणी लावलाय का, की ऑफिसच्या कपाटामागे? शाळा फादरांची असो, एखाद्या मठाची असो की आपल्या मराठी संस्थेची, प्रश्न हेच विचारायचे. मुख्याध्यापकांनी 'आमच्याकडे असं काही होत नाही' असं उत्तर दिलं, तर समितीची शेवटची बैठक कधी झाली तेवढी तारीख मागून घ्या.